पत्राची वाट आणि आपली वाट

दुकानाची पाटी रंगवून दाराशी टांगली की व्यापाराला प्रारंभ झाला, असा काळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. आता त्या पाटीला एक जोडपाटी लागते. ती म्हणजे वेबसाइट. इंदूरचा मसालेवाला असो, बडोद्यात घरीच पोशाख शिवून विकणारी गृहिणी असो, बेळगावहून परगावी कुंदा धाडणारा हलवाई असो की मालवणजवळ घरातील दोन खोल्या पाहुण्यांना देणारे कुटुंब असो. कोणी पुतण्याकडून, कोणी ओळखीच्या एखाद्या तरुणाकडून चार पानांची वेबसाइट करून घेतली आहे. तिच्यावर मालाचे फोटो असतात, दर असतात आणि संपर्कासाठी ई-मेलचा पत्ता असतो.

पाटी लावली की गिऱ्हाईक येते, तसे भामटेही येतात. नवी वेबसाइट सुरू होऊन थोडे दिवस लोटतात न लोटतात तोच अनोळखी पत्रांचा ओघ सुरू होतो. ‘आपल्या नावाची मुदत संपत आहे’, ‘आपण आमचे छायाचित्र चोरले आहे’, ‘आमचा बँकेतील खातेक्रमांक बदलला आहे’ अशा मजकुराची ही पत्रे असतात. त्यांतील काही निव्वळ निरुपद्रवी कचरा असतो. परंतु काही पत्रे वर्षभराची मिळकत एका दुपारी घेऊन जाऊ शकतात. वाचकहो, ती ओळखावी कशी, याचा विचार या वेळी आपण करू या.

खऱ्यावर उभे केलेले खोटे

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या पत्रांतील सगळाच मजकूर खोटा नसतो. किंबहुना त्यातील बराचसा भाग खराच असतो, आणि म्हणूनच माणूस फसतो.

वेबसाइटच्या नावाला ‘डोमेन’ म्हणतात. ते नाव आपल्या मालकीचे नसते. ठरावीक वर्षांच्या मुदतीने ते नोंदवून घ्यावे लागते. या नोंदी मोठ्या नोंदवह्यांत राहतात. आपल्या देशातील ‘डॉट इन’ आणि देवनागरीतील ‘डॉट भारत’ या नावांची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. नाव कोणत्या कंपनीमार्फत नोंदले व त्याची मुदत कोणत्या तारखेस संपते, हे या वहीत कोणालाही पाहता येते. पूर्वी मालकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनीही उघड दिसत असे. युरोपातील माहितीसंरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून हा तपशील पुष्कळ ठिकाणी झाकला जातो. पण मुदतीची तारीख उघडीच राहते. उरलेली माहिती आपण स्वतःच आपल्या वेबसाइटवर छापलेली असते.

तेव्हा ‘याला माझ्या नावाची मुदत ठाऊक आहे, माझा पत्ता ठाऊक आहे, अर्थी हा कोणी अधिकृतच असला पाहिजे,’ हा तर्क चुकीचा ठरतो. रस्त्यावरून जाणाऱ्याने आपल्या पाटीवरचे नाव वाचून दाखवले, म्हणून तो काही आपला आप्त होत नाही.

दुसरी गोष्ट घाईची. मोठ्या कचेरीत पत्र एक वाचतो, हिशेब दुसरा तपासतो आणि पैसे तिसरा देतो. घरगुती धंद्यात ही तिन्ही कामे एकाच माणसाला करावी लागतात, तीही बहुधा माल बांधता बांधता. भामट्याला नेमकी हीच वेळ हवी असते.

मात्र फसणे हे अडाणीपणाचे लक्षण आहे, असे कोणी समजू नये. लिथुएनियातील एका इसमाने २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक या बलाढ्य कंपन्यांना, त्यांच्या नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने खोटी बिले पाठवून, दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उकळली. २०१९ साली अमेरिकेतील न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. जेथे हिशेबनिसांच्या पलटणी आहेत तेथे असे घडू शकते, तर आपल्या घरी घडू नये म्हणून जपण्यात कमीपणा कसला?

काही नेहमीचे मासले

सर्वांत जुना मासला मुदतीच्या पत्राचा. आपल्या डोमेनचे नाव ठळक अक्षरांत लिहिलेले, वर बिलासारखा नमुना, खाली रक्कम आणि ‘अंतिम सूचना’ असा शिक्का. बारकाईने वाचले तर तळाशी लहान अक्षरांत ‘हे बिल नव्हे’ असेही कधी कधी लिहिलेले आढळते. आपण पैसे भरतो ते नावाच्या नूतनीकरणासाठी नव्हे, तर ‘शोधयंत्रात नोंद करण्याच्या’ कसल्याशा सेवेसाठी. वस्तुतः गूगलसारख्या शोधयंत्राच्या सर्वसाधारण यादीत येण्यास एक पैसाही पडत नाही. ही युक्ती ई-मेलच्याही आधी टपालाने आली. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ नावाची कंपनी लोकांना बिलासारखी पत्रे पाठवीत असे. तिच्याविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ साली न्यायालयीन कारवाई केली. लखोटा गेला आणि ई-मेल आला, एवढाच काय तो फरक.

दुसरा मासला परदेशी सौजन्याचा. ‘आमच्या देशात अमुक एका कंपनीने आपल्या नावाची मागणी केली आहे. आपले हित पाहणे आमचे कर्तव्य असल्याने आम्ही ती थांबवून ठेवली आहे. सात दिवसांत कळवावे.’ अशी पत्रे बहुधा चीनमधील नोंदणी कचेरीच्या नावाने येतात. आपण उत्तर दिले की ते नाव ‘वाचवण्यासाठी’ आपल्यालाच भरमसाट दराने विकण्याचा प्रयत्न होतो. ध्यानात ठेवावे की डोमेनची नोंदणी सामान्यतः ‘जो प्रथम मागेल त्याला’ या तत्त्वाने चालते. परगावच्या दुकानदाराची संमती विचारण्याची रीत तेथे नाही. आपल्या नावाचा कोणी खरोखरच दुरुपयोग केला, तर त्यासाठी तंटा सोडवण्याची अधिकृत व्यवस्था आहे. आंतरराष्ट्रीय नावांसाठी ती १९९९ पासून चालू आहे आणि ‘डॉट इन’साठीही स्वतंत्र व्यवस्था आहे. असल्या पत्रास उत्तर न देणे हेच उत्तर.

तिसरा मासला धाकदपटशाचा. ‘मी व्यावसायिक छायाचित्रकार आहे. आपल्या वेबसाइटवर माझी छायाचित्रे विनापरवाना वापरली आहेत. पुराव्यासाठी पुढील लिंक उघडा, अन्यथा दावा लावीन.’ हे पत्र आपल्याच वेबसाइटवरील संपर्काच्या अर्जातून येते, त्यामुळे ते घरचेच वाटते. मनात शंका चमकून जाते की पुतण्याने तो फोटो कोठून उचलला होता कोण जाणे! आणि बोट लिंकवर पडते. तेथे पुरावा नसतो. संगणकात शिरून पासवर्ड चोरणारी आज्ञावली असते. संपर्काच्या अर्जाचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. छायाचित्राच्या मालकीचा खरा दावा असेल, तर कोणते छायाचित्र, कोणत्या पानावर, एवढे पत्रातच लिहिता येते. त्यासाठी काही उतरवून घेण्याची गरज नसते.

‘तुमची वेबसाइट आम्ही फोडली आहे, अमुक इतके बिटकॉइन पाठवा’ अशी धमकीही येते. एकच मजकूर हजारो जणांना धाडलेला असतो. त्यात आपल्या माहितीतील एकही ओळ पुराव्यादाखल दिलेली नसेल, तर वेबसाइट करणाऱ्यास दाखवून ती बाजूस ठेवावी.

करखात्याच्या नावाने येणाऱ्या नोटिशीने मात्र भलेभले गांगरतात. तिची पडताळणी सोपी आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक घालण्याची पद्धत सुरू केली, आणि जीएसटीच्या पोर्टलवरून निघणाऱ्या पत्रांना संदर्भ क्रमांक असतो. हे क्रमांक त्या त्या अधिकृत स्थळावर तपासता येतात. नोटिशीतील लिंक न उघडता, नेहमीप्रमाणे पोर्टलवर जाऊन आपल्या खात्यात ती नोटीस आहे की नाही, हे पाहावे.

सर्वांत महाग पडणारे पत्र

वरील पत्रे अनोळखी माणसांची असतात. सर्वांत घातक पत्र ओळखीच्या माणसाचे असते, निदान तसे दिसते.

‘आपला मेलबॉक्स भरला आहे, चालू ठेवण्यासाठी येथे पासवर्ड द्या,’ असे पत्र आधी येते. आपण पासवर्ड देतो आणि काहीच घडत नाही. म्हणून विसरूनही जातो. पण ज्याच्या हाती मेलचा पासवर्ड गेला, त्याच्या हाती दुकानाची किल्लीच गेली. तो गुपचूप आपली पत्रे वाचत बसतो. कोणत्या व्यापाऱ्याकडून मिरची येते, बिल कधी येते, रक्कम केवढी असते, पत्रात एकमेकांना कसे संबोधले जाते, हे सारे तो शिकतो. मग बिल येण्याच्या दिवशी, त्याच पत्रव्यवहाराच्या धाग्यात, त्याच व्यापाऱ्याच्या नावाने पत्र येते: ‘शेठ, आमचे खाते लेखापरीक्षणामुळे बंद आहे. या वेळची रक्कम पुढील खात्यावर पाठवावी.’ रक्कम बरोबर असते, मालाचा तपशील बरोबर असतो, ‘शेठ’ हे संबोधनही बरोबर असते. चुकीचा असतो तो केवळ खातेक्रमांक.

भाषेतील चुकांवरून खोटे पत्र ओळखावे, असे पूर्वी सांगत असत. हा उपदेश आता पुरेसा राहिला नाही. यंत्राच्या साहाय्याने आज शुद्ध मराठीत, शुद्ध इंग्रजीत हवे तसे पत्र क्षणात लिहून मिळते. भाषा निर्दोष आहे म्हणून पत्र निर्दोष ठरत नाही.

पत्ता तपासावा, हे खरे. पण तो कसा वाचावा हे ठाऊक हवे. वेबसाइटचा पत्ता शेवटाकडून वाचावा. पहिली तिरकी रेघ येण्यापूर्वीचा शेवटचा भाग आणि त्याच्या लगतचा भाग, यांवरून खरा मालक कळतो. ‘आपलीबँक डॉट पडताळणी डॉट कॉम’ हा पत्ता बँकेचा नव्हे; ‘पडताळणी’ नावाच्या कोणा तिऱ्हाइताचा आहे. ‘को डॉट इन’सारखा जोड शेवट असेल, तर त्याच्याही एक पाऊल मागे पाहावे. काही भामटे रोमन ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी शेजारी ठेवतात. धावत्या नजरेला फरक कळत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा राखीव शेवट ठरवून दिला, तो याच कारणासाठी. तरीही सांगावेसे वाटते की डोळ्यांवर फार विसंबू नये. मेलबॉक्सच चोराच्या ताब्यात असेल, तर पत्ताही अगदी खराच असतो.

खोट्यासारखी दिसणारी खरी पत्रे

मग सगळीच पत्रे फेकून द्यावीत काय? तसे केल्यास दुसरे संकट ओढवते.

‘डॉट कॉम’सारखी नावे नोंदवणाऱ्या कंपन्यांना नियमानेच काही पत्रे पाठवावी लागतात. मुदत संपण्यापूर्वी सुमारे एक महिना व एक आठवडा अशा दोन सूचना आणि मुदत संपल्यावर लगेच आणखी एक. नवी नोंदणी केल्यावर ई-मेलचा पत्ता खरा असल्याची खात्री पटवण्यासाठी एक पत्र येते. पंधरा दिवसांत त्यास प्रतिसाद न दिल्यास नाव स्थगित होऊ शकते. म्हणजे घाई करणारे, लिंक उघडावयास सांगणारे पत्र खरेही असू शकते! ते दुर्लक्षिले आणि मुदत टळली, तर एके सकाळी वेबसाइट बंद असते, मेल बंद असतो आणि दुकानाचे नाव सोडवण्यासाठी नेहमीहून पुष्कळ अधिक शुल्क मोजावे लागते. तेही जमले नाही, तर ते नाव कोणीही घेऊ शकतो. दहा वर्षे गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेले नाव परक्याच्या हाती जाते.

म्हणून पत्र खरे की खोटे, याचा निवाडा पत्राकडे टक लावून पाहून होत नाही. त्यासाठी एकच नियम उपयोगी पडतो: पत्राने दाखवलेल्या वाटेने जाऊ नये, आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या वाटेने जावे. मुदतीचे पत्र आले? लिंक न उघडता, ज्या कंपनीकडे नाव नोंदले तिच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन तारीख पाहावी. व्यापाऱ्याचे खाते बदलले? पत्रातील क्रमांकावर नव्हे, आपल्या वहीतील जुन्या क्रमांकावर फोन करून त्याच्याच तोंडून ऐकावे. पत्र खरे असेल तर पाच मिनिटे गेली, एवढेच. खोटे असेल तर पाच मिनिटांत दुकान वाचले.

घरातील एक पान

आपली वाट ठाऊक असावी, यासाठी ती आधी लिहून ठेवावी लागते. हिशेबाच्या वहीचे पहिले पान यासाठी राखावे आणि त्यावर पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. डोमेनचे नाव, ते कोणत्या कंपनीकडे व कोणाच्या नावावर नोंदले आहे, मुदतीची तारीख आणि नेहमीचे शुल्क.

२. वेबसाइट आणि मेल ज्यांच्याकडे ठेवले आहेत ती कंपनी. वेबसाइट करणाऱ्याचा फोन.

३. नेहमीच्या व्यापाऱ्यांचे जुने, खात्रीचे फोन आणि त्यांच्या खातेक्रमांकांचे शेवटचे चार आकडे.

४. बँकेच्या शाखेचा फोन आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक १९३०.

पासवर्ड या पानावर लिहू नये. हे पान लिहितानाच पुष्कळांना कळते की आपल्या दुकानाचे नाव पुतण्याच्या किंवा वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर आहे. तसे असल्यास ते गोडीगुलाबीने आपल्या नावावर करून घ्यावे. नाव एकाच वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदवता येते. झेपेल त्याप्रमाणे दोन-तीन वर्षांचे शुल्क एकदम भरले, तर मुदतीच्या पत्रांची धास्ती कमी होते. मेलला दुहेरी पडताळणी लावून घ्यावी, म्हणजे पासवर्ड चोरीस गेला तरी चोराला दाराशीच अडवता येते.

आणखी एक शिस्त सर्व कुटुंबाने पाळण्याजोगी आहे. खातेक्रमांक बदलण्याची सूचना आली की घरातील दुसऱ्या एका माणसाला ती दाखवल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. तो माणूस पत्नी असो, वडील असोत की कॉलेजात जाणारी मुलगी असो, ‘थांबा, आधी फोन करा,’ असे म्हणण्याचा हक्क त्याला असावा आणि त्यात वडीलधाऱ्यांनी अपमान मानू नये.

घात झालाच तर

इतके जपूनही कधी घात होतो. अशा वेळी पहिला तास मोलाचा असतो. तत्काळ बँकेस कळवावे, १९३० वर फोन करावा आणि ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी ते गोठवता आले, तरच परत मिळण्याची आशा राहते. ते पत्र खोडून टाकू नये. तोच पुरावा असतो. मेलचा पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावा आणि आपली पत्रे परस्पर अन्यत्र पाठवण्याची सोय कोणी करून ठेवलेली नाही ना, हे मेलच्या मांडणीत पाहावे. चोर पुष्कळदा अशी खिडकी उघडी ठेवून जातो. आपल्या नावाने गिऱ्हाइकांनाही पत्रे गेली असतील, तर त्यांना स्वतः फोन करून सावध करावे. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड या कलमाखाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

परंतु पुष्कळ ठिकाणी हा पहिला तास लाजेत जातो. ‘घरच्यांना काय सांगू, लोक काय म्हणतील,’ या विचारात रात्र उलटते आणि पैसे दहा खात्यांतून फिरून निघून जातात. ज्या घरात चूक सांगणाऱ्यावर आधी ओरडा होत नाही, त्या घरात चूक लवकर कळते. आणि लवकर कळलेली चूकच सुधारता येते. तेव्हा वाचकहो, या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसून वहीचे ते पहिले पान लिहून काढावे, आणि त्याच वेळी एकमेकांना एवढे वचन द्यावे की अशा प्रसंगी आधी १९३० वर फोन, मग बाकीचे बोलणे.